एअर-कूल्ड पोर्शे ९११: केबिन हीटर आणि एक्झॉस्टचे सुटे भाग कसे शोधावेत

पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत हीटर आणि सायलेन्सर यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. हीटरला ऊब मिळते इंजिनात फिरणाऱ्या गरम पाण्यातून. सायलेन्सर फुटला तर आवाज वाढतो, केबिन उबदारच राहते. १९६४ साली उत्पादन सुरू झालेल्या पोर्शे ९११ पासून १९८९ च्या ३.२ कॅरेरापर्यंत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच भागात येऊन मिळतात. तो भाग म्हणजे हीट एक्स्चेंजर. सिलिंडरांमधून निघालेला तापलेला धूर आतल्या नळ्यांमधून जातो, त्या नळ्यांभोवती पत्र्याचं कवच असतं, आणि कवच व नळ्या यांच्या मधल्या पोकळीतून जाणारी हवा तापून आपल्या पायांशी पोहोचते.

या रचनेत धोकाही आहे. आतली नळी गंजून तिला भोक पडलं, तर कार्बन मोनॉक्साइड हीटरच्याच वाटेने केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका अशा थंडीच्या देशांत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी ही गाडी घेतली आहे किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांना पहिलीच विनंती: हीट एक्स्चेंजरकडे ब्रेकइतक्याच गांभीर्याने बघा. पैसे वाचवायला गाडीत इतर पुष्कळ जागा आहेत.

हवा कुठून कुठे जाते

ही वाट एकदा डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं. इंजिनावरचा मोठा पंखा पट्ट्यावर फिरतो. त्याच्या हवेचा मोठा वाटा सिलिंडर थंड करण्यात जातो, थोडी हवा डावी-उजवीकडे फाटे फुटून लवचिक नळ्यांमधून खाली दोन एक्स्चेंजरमध्ये उतरते. तिथे तापून ती पुढे दोन फ्लॅप-पेट्यांमध्ये येते. हँडब्रेकजवळचा हीटरचा दांडा ओढला की केबल या पेट्यांमधली झडप फिरवते: बंद असताना गरम हवा गाडीखाली बाहेर पडते, उघडल्यावर ती दरवाज्यांखालच्या पोकळ सिलमधल्या नळ्यांतून पुढे जाऊन पायांशी आणि पुढच्या काचेशी निघते.

यातून दोन गोष्टी कळतात. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे सिग्नलला उभं असताना ऊब कमी मिळणारच. पुढच्या मॉडेलांमध्ये यासाठी विजेवर चालणारा जादा ब्लोअर दिला गेला. आणि हीटर बंद असतानाही एक्स्चेंजरमधून हवा वाहतीच राहायला हवी, म्हणून एक्स्चेंजर जागेवर असताना वरचा फाटा बोळा घालून बंद करू नका.

सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये याच्या जोडीला पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटरही असे. त्याचे भाग, त्याची दुरुस्ती आणि त्यातला आगीचा धोका हा स्वतंत्र विषय आहे. तो चालू नसेल तर जाणकाराने तपासेपर्यंत त्याचा इंधनपुरवठा बंद ठेवा.

खरेदीआधी दोष शोधा

‘हीटर लागत नाही’ म्हणून लोक थेट एक्स्चेंजरची जोडी मागवतात. तो या गाडीतल्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे आणि बरेचदा दोष त्याच्यात नसतोच. स्वस्त भागांपासून महागाकडे जा.

इंजिन बंद ठेवा, गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. एकाने दांडा ओढायचा, दुसऱ्याने खालून दोन्ही फ्लॅप-पेट्या बघायच्या. एकच झडप हलत असेल तर गाडीची एकच बाजू उबदार राहते. बहुतेक वेळा केबल गंजून नळीत अडकलेली असते किंवा झडपेची पिन जाम झालेली असते. त्यानंतर लवचिक नळ्या बघा. त्या फाटतात, चेपतात, पूर्वीच्या मेकॅनिकने काढून परत लावलेल्याच नसतात. मग सिलमधल्या नळ्या. मागच्या टोकाने साधा ब्लोअर लावून पुढे हवा येते का ते पाहा. मध्येच नाहीशी होत असेल तर सिल आतून कुजलेली आहे, आणि तेव्हा प्रश्न हीटरचा उरत नाही, गाडीच्या सांगाड्याचा होतो. अशा गाडीला नवे एक्स्चेंजर बसवण्याआधी पत्राकाम करून घ्या.

वासावरूनही बरंच कळतं. पंखा हवा घेतो ती इंजिनच्या खोलीतून. तिथे वरच्या बाजूला तेल गळत असेल तर जळक्या तेलाचा वास हीटरमधून येतो. पेट्रोलचा वास आला तर इंजिन तिथेच बंद करा. ती गळती आधी, बाकी सगळं नंतर. एक्झॉस्टचा वास येत असेल, किंवा गाडी चालवताना डोकं जड होत असेल, गुंगी येत असेल, तर काचा उघडून थांबा आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. झडप बंद ठेवली म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं समजू नका, जुन्या झडपा पूर्ण मिटत नाहीत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म अशा प्रत्येक गाडीत असावा असं माझं ठाम मत आहे. युरोपात घेत असाल तर ईएन ५०२९१-२ हे मानक त्यावर छापलेलं बघा. ते कॅराव्हॅन आणि बोटींसाठी ठरवलेलं आहे, त्यामुळे हलत्या वाहनाला घरगुती अलार्मपेक्षा ते जास्त योग्य.

गाडीचं साल बघा, पण इंजिन आधी बघा

या गाड्यांचं वय पन्नासच्या घरात गेलं आहे. मधल्या काळात अनेकांची इंजिनं बदलली गेली. १९७३ च्या गाडीत १९८० च्या एससीचं (९११ चंच पुढचं मॉडेल) ३ लिटरचं इंजिन सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. एक्स्चेंजर आणि सायलेन्सर इंजिनाला बसतात. फ्लॅप-पेट्या, केबल आणि सिलच्या नळ्या गाडीच्या बॉडीप्रमाणे ठरतात. म्हणून पंख्याच्या आधारापाशी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावर, ठोकलेला इंजिन नंबर आणि प्रकार स्वतः वाचा, फोटो काढा, आणि मगच शोध सुरू करा.

स्थूलमानाने दोन पिढ्या लक्षात ठेवा. १९७४ पर्यंतच्या रचनेत प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांच्या नळ्या एक्स्चेंजरमध्येच एकत्र येतात आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मागच्या सायलेन्सरला जोडल्या जातात, म्हणजे सायलेन्सरला दोन तोंडं आत घेणारी असतात. साधारण १९७५ पासून आवाज आणि धूर यांचे नियम कडक होत गेले आणि रचना बदलली: आडव्या पाइपने दोन्ही बाजूंचा धूर एकत्र आणून तो पुढे एकाच मार्गाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा प्री-सायलेन्सरमधून शेवटच्या सायलेन्सरकडे जातो. या दोन पिढ्यांचे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. एका पिढीचे एक्स्चेंजर घेतले की सायलेन्सरही त्याच पिढीचा लागतो.

अमेरिकेतून घेतलेली १९७५ ते १९७७ ची गाडी असेल तर आणखी एक नाव ऐकाल: थर्मल रिअ‍ॅक्टर. न जळालेलं इंधन एक्झॉस्टमध्येच जाळून टाकणारी ही योजना. १९७५ आणि ७६ मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या गाड्यांवर होती, १९७७ मध्ये सगळ्या अमेरिकी गाड्यांवर आली. तिच्या प्रचंड उष्णतेने २.७ लिटरच्या मॅग्नेशियम क्रँककेसची दैना केली, हेड धरून ठेवणारे स्टड, म्हणजे आट्यांचे लांब दांडे, त्यातून सुटून येऊ लागले. त्यामुळे बहुतेक मालकांनी रिअ‍ॅक्टर काढून जुन्या पद्धतीचे एक्स्चेंजर घातले. तुमच्या गाडीत आत्ता नेमकं काय आहे हे खाली वाकून बघण्याला पर्याय नाही.

जाहिरातींमध्ये ‘९११/९१२/९१४’ असं एका दमात लिहिलेलं असतं. ९१२ ची बॉडी ९११ सारखी असल्याने तिच्या सिलकडचे भाग चालू शकतात, पण तिचं इंजिन चार सिलिंडरांचं, एक्स्चेंजर पूर्ण वेगळे. ९१४-६ मध्ये ९११ चंच इंजिन असलं तरी ते मधोमध बसवलेलं, त्यामुळे तिचे एक्स्चेंजरही निराळे. टर्बोचे, म्हणजे ९३० चे, तर साध्या ९११ ला लावायचा विचारही करू नका.

सुट्या भागाचा नंबर वाचायला शिका

पोर्शेचा जुना पार्ट नंबर तीन-तीन-तीन-दोन अशा आकड्यांच्या गटांत असतो. पहिला गट तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतो: ९०१, ९११, ९३० वगैरे. दुसरा गट भागाचं कुटुंब: २११ म्हणजे हीट एक्स्चेंजरचं, १११ म्हणजे सायलेन्सरचं. तिसऱ्या गटात नेमका भाग, आणि तिथे डाव्या बाजूला विषम व उजव्या बाजूला सम आकडा असा सर्वसाधारण रिवाज आहे. शेवटचे दोन आकडे सुधारित आवृत्तीचे. पहिला गट ९३० दिसला म्हणजे भाग टर्बोचाच असं मात्र नाही; एससी आणि ३.२ कॅरेराचे अनेक भाग याच आकड्याने सुरू होतात.

पोर्शे क्लासिकच्या संकेतस्थळावर जुन्या मॉडेलांची आकृत्यांसह पार्ट्स कॅटलॉग मिळतात. आपल्या सालाची फाइल उतरवून घ्या आणि एक्झॉस्ट व हीटर यांची पानं छापून गॅरेजमध्ये ठेवा. गॅस्केट, रिंगा, क्लॅम्प, पट्ट्या यांचीही यादी त्यावरून आधीच करा. एक्स्चेंजर आला आणि गॅस्केटसाठी आठवडाभर गाडी स्टँडवर लटकली, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे.

नवे घ्यावेत की जुने?

नव्यात मुख्यतः तीन पर्याय असतात: पोर्शेचा मूळ भाग उपलब्ध असेल तर तो, डॅन्स्कसारख्या कंपन्यांचे साध्या पोलादाचे किंवा स्टेनलेसचे भाग, आणि एसएसआय या नावाने प्रसिद्ध असलेले स्टेनलेसचे, १९७४ पर्यंतच्या धर्तीवरचे एक्स्चेंजर. चांगल्या स्टेनलेस जोडीची किंमत युरो किंवा डॉलरमध्ये चार आकडी असते. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यातही गाडी चालवणार असाल तर स्टेनलेसच घ्या.

एससी आणि ३.२ चे मालक बरेचदा एसएसआयकडे वळतात, कारण मोकळ्या नळ्यांमुळे इंजिन जास्त खुलतं आणि आवाजही सुंदर येतो. या बदलाचा खरा खर्च जाहिरातीत दिसत नाही. जुन्या पद्धतीचा सायलेन्सर लागतोच. शिवाय इंजिनाकडून उजवीकडच्या ऑइल टाकी आणि थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या वाटेत येतात, त्याही बदलाव्या लागतात. आणि त्या नळ्यांचे जुने नट सहज सुटतील अशी आशा ठेवू नका. ३.२ मध्ये हीटर ब्लोअरच्या जोडण्याही जुळवाव्या लागतात. विक्रेत्याला सरळ विचारा: ‘माझ्या इंजिनासाठी नळीचा आतला व्यास किती? तेलाच्या कोणत्या नळ्या बदलाव्या लागतील? हवेच्या तोंडाचं माप काय?’ उत्तर नेमकं मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

अगदी स्वस्त नकला टाळा. टॉर्च घेऊन कवचाच्या आत बघा आणि तुमच्या जुन्या एक्स्चेंजरशी ताडून पाहा. उष्णता हवेला देण्यासाठीची आतली रचनाच गाळलेली असेल तर भाग बसेल, धूर नीट जाईल, आणि पाय गारच राहतील.

जुना भाग हातात घेतल्यावर

वापरलेला एक्स्चेंजर चांगला मिळू शकतो, फक्त तो रंगाच्या थराखाली तपासायची सवय हवी. विक्रीआधी चंदेरी रंग फवारलेला असेल तर मी सावध होतो. रंगाखाली काय आहे ते बोटांनी चाचपून आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून कळतं. जाड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द.

सर्वांत महत्त्वाची खूण हवेच्या वाटेत असते. लवचिक नळी लागते त्या तोंडातून टॉर्च मारा. तिथे काजळी दिसली तर धूर हवेत मिसळत होता, म्हणजे आतली नळी फुटली आहे. तो भाग कितीही स्वस्त असला तरी तसाच बसवायचा नाही. काजळी नसली तरी पुढची चाचणी कराच: सिलिंडरकडची तिन्ही तोंडं रबराचे तुकडे आणि पट्ट्या लावून बंद करा, मागच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडा आणि साबणाचं पाणी लावत सगळे जोड बघा. कवचाच्या आतल्या जोडांपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून त्याच वेळी हवेच्या दोन्ही तोंडांशी गाल नेऊन बघा. तिथून वारा जाणवला तर गळती आत आहे. धूर सोडून तपासणारं यंत्र एखाद्या गॅरेजमध्ये असेल तर उत्तमच.

मग सिलिंडर हेडला टेकणाऱ्या तिन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या सपाट कडांवर, सरळ पट्टी ठेवा. ओढूनताणून काढलेल्या एक्स्चेंजरचे फ्लँज वाकलेले असतात, नवीन गॅस्केट घातलं तरी ते फुरफुरतात. सायलेन्सरकडचा फ्लँज, बोल्टची भोकं, हवेच्या तोंडांचे गोल कडे हेही बघा.

बाहेरचं कवच गंजलं असेल तर चांगला वेल्डर ते उघडून ठिगळ लावू शकतो. आतली नळीही कवच कापून दुरुस्त होते, पण हे काम टिग वेल्डिंगचा हात असलेल्यालाच द्या आणि कवच परत बंद करण्याआधी दाबाची चाचणी समोर करवून घ्या. मूळ सालाचे, नंबर ठोकलेले एक्स्चेंजर असे वाचवण्यासारखे असतात.

शोधायचं कुठे

अमेरिकेत पेलिकन पार्ट्स आणि स्टॉडर्ड, ब्रिटनमध्ये डिझाइन ९११, फ्रान्समध्ये रोझ पॅशन, जर्मनीत एफव्हीडी ही ओळखीची दुकानं आहेत. नव्या भागांसाठी तिथून सुरुवात करा, पण वापरलेल्या भागांसाठी माणसांच्या बाजारात जा. पोर्शे क्लब ऑफ अमेरिकाचा पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा वसंतातला स्वॅप मीट, जर्मनीत मानहाइमचा वेटेरामा, इंग्लंडमध्ये ब्यूलीचा ऑटोजम्बल, इथे भाग हातात घेऊन, वर सांगितलेली टॉर्चची चाचणी करूनच व्यवहार करता येतो. सोबत छापलेलं कॅटलॉगचं पान, मोजपट्टी आणि आपल्या जुन्या भागाचे फोटो ठेवा. स्थानिक क्लबच्या जुन्या सदस्यांशी बोला. ज्यांनी एसएसआय बसवले त्यांच्या गॅरेजच्या माळ्यावर मूळ जोडी पडून असण्याची शक्यता चांगली असते.

दूरच्या विक्रेत्याकडून घेताना दोन्ही हवेच्या तोंडांच्या आतले, तिन्ही फ्लँजचे आणि ठोकलेल्या नंबरचे फोटो मागा. भाग जड आणि अडनिडा असतो, पाठवणीचा खर्च चांगलाच येतो. २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात कस्टम्सही आहे, तो धरूनच किमतीची तुलना करा.

नियमांचं भान

एक्झॉस्ट बदलणं कायद्याच्या कक्षेत येतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलवर्षांच्या गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्या ९११ मधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून एसएसआय घातले तर ती रस्त्यासाठी पास होणार नाही. जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणाऱ्या एच-नंबरप्लेटसाठी गाडी किमान ३० वर्षांची आणि मूळ किंवा त्या काळाला धरून असलेल्या अवस्थेत लागते, म्हणून बदल करण्याआधी तपासनिसाशी बोला आणि भागाची कागदपत्रं जपा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या, मोठे बदल न झालेल्या गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट मिळते. पण त्यामुळेच तिथे एक्झॉस्टची गळती वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. सूट असली तरी दर हिवाळ्याआधी तपासणी करून घ्या.

भारतात अशी गाडी असेल तर ‘इथे हीटर कशाला?’ असं वाटून एक्स्चेंजर काढून साधे हेडर, म्हणजे कवच नसलेल्या नुसत्या एक्झॉस्ट नळ्या, बसवण्याचा मोह होतो. मी तो सल्ला देणार नाही. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात पुढची काच आतून धुकटते तेव्हा हीच गरम हवा ती स्वच्छ करते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर तिचं मूळ रूप राखलेलं असावं लागतं. तरीही हेडर घालायचेच ठरवलं, तर पंख्याकडचे हीटरचे दोन्ही फाटे नीट टोपणं लावून बंद करा, म्हणजे ती हवा वाया न जाता सिलिंडरांना मिळेल.

काढणं आणि बसवणं

सहा सिलिंडर, प्रत्येकी दोन, असे बारा स्टड. त्यातल्या काहींचे नट एक्स्चेंजरमधल्या भोकांतून लांब अ‍ॅलन-की घालून सोडवावे लागतात. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड पोलादाचे, आणि मध्ये कित्येक वर्षांचा गंज. काम सुरू करण्याआधी चार-पाच दिवस रोज गंज सोडवणारं तेल मारा. अ‍ॅलन-की घालण्याआधी नटाच्या खाचेतली घाण खरवडून काढा, नाहीतर की घसरून खाच गोल होते. नट आधी अगदी किंचित घट्ट दिशेला हलवा, मग उलटा. अडला तर थांबा, नटाला उष्णता द्या, परत तेल द्या. जोर वाढवत नेला तर स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड हेडमधून काढायला मार्गदर्शक साचा लावून ड्रिल करावं लागतं. ते काम अनुभवी मेकॅनिकचं आहे.

एक्स्चेंजर खाली आले की वर तेल परतीच्या चार नळ्या दिसतात. त्या ओल्या असतील तर आत्ताच बदला. दोन भागांत सरकणाऱ्या नळ्या मिळतात, इंजिन न उघडता बसतात. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केटही याच वेळी घाला. नव्या एक्स्चेंजरवर तेलाचे थेंब पडत राहिले तर केबिनमध्ये पुन्हा तोच जळका वास येईल.

बसवताना सगळे नट आधी हाताने लावा, एक्स्चेंजर, आडवा पाइप आणि सायलेन्सर एकमेकांशी जुळवा, आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने थोडं थोडं करत आवळा. एक टोक पूर्ण आवळून दुसरं ओढून जुळवलं की फ्लँजवर ताण राहतो आणि काही महिन्यांत तडा जातो. लवचिक नळ्या सायलेन्सर किंवा केबलला घासत नाहीत ना ते बघा. इंजिन मोकळ्या जागेत सुरू करा. नवा भाग पहिल्यांदा तापताना तेलाचा, रंगाचा धूर सोडतो, तो संपेपर्यंत हीटर उघडू नका. मग अलार्म शेजारच्या सीटवर ठेवून, काच थोडी उघडी ठेवून फेरी मारा, दांडा ओढा, दोन्ही पायांशी सारखी ऊब येते का ते पाहा. काहीशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, बाराही नट पुन्हा तपासा.

काढलेली मूळ जोडी दुरुस्त होण्यासारखी असेल तर भंगारात देऊ नका. गंज झाडून, तेलाचा हात फिरवून, इंजिन नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर पुढचा मालक ती आवर्जून मागेल.